हाताचा गुण आणि सांध्याची चाल

सभा सुरू होण्याआधी आम्ही मागे उभे राहून पाहत होतो. पुढे सतरंज्या अंथरलेल्या, मागे वीस-पंचवीस खुर्च्या. भरल्या कुठून? मागून. बाया सतरंजीकडे बघायच्या, मनातल्या मनात हिशेब करायच्या की खाली बसू तर खरं, पण उठवणार कोण, आणि मुकाट खुर्चीकडे जायच्या. आयुष्यभर उकिडवं बसून निंदण केलं, वाकून कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं, त्यांना आता कीर्तनातही खाली बसता येत नाही. इकडे आसेगावात आपण गुडघा म्हणत नाही, टोंगळा म्हणतो, आणि साठीनंतर टोंगळे धरतातच असं धरून चालतो. आजचा विषय हे 'धरून चालणं'च आहे. सांधा दुखतो म्हणजे आत काय होतं, याबद्दल माणसाने वेळोवेळी काय मानलं आणि त्या मानण्यापायी किती माणसं बसून राहिली, त्याचा हा इतिहास. आम्ही डॉक्टर आहोत, पण तत्त्वज्ञानातले. तेव्हा औषध विचारू नका.

सगळ्यात जुनी समजूत अशी की काहीतरी जागचं सरकलं आहे आणि ते जागेवर बसवलं पाहिजे. आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने कंबरेला पाय लावायचा की चमक गेली! हात निखळला तर हाडवैद्य, बांबूच्या कामट्या आणि कापडाच्या पट्ट्या घेऊन. तालमीत हेच काम वस्ताद करायचा. अशा माणसाबद्दल आपण म्हणतो, त्याच्या हाताला गुण आहे. विद्या आहे असं म्हणत नाही हं, गुण आहे म्हणतो. तो शिकवता येत नाही, असला तर असतो.

असेच हाडवैद्य इंग्लंडातही होते आणि डॉक्टर मंडळी त्यांना हसत असत. १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यवैद्याने आपल्याच लोकांना सुनावलं की हाडं बसवणारे काही रोगी खरोखर बरे करतात, ते कोणते याचा अभ्यास करा. पुढे एक मजेची गोष्ट घडली. लंडनमध्ये रिचर्ड हटन नावाचा हाडवैद्य आजारी पडला. पीटर हूड नावाच्या डॉक्टरने त्याच्यावर फुकट उपचार केले. हटनने उपकार फेडायचे म्हणून आपली विद्या शिकवायची तयारी दाखवली. डॉक्टरला वेळ नव्हता, त्याचा मुलगा व्हार्टन हूड शिकला आणि १८७१ मध्ये त्याने ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापूनच टाकली. त्याने काय पाहिलं? हटन म्हणायचा, हाड सरकलंय, मी बसवतो. बहुतेक वेळा हाड सरकलेलंच नसायचं. दुखापतीनंतर महिनोन् महिने न हलवल्यामुळे सांधा आखडलेला असायचा, आणि हटन तो हिसका देऊन मोकळा करायचा. कारण चुकीचं, उपाय बरोबर. तत्त्वज्ञानाच्या माणसाला अशा गोष्टीने झोप येत नाही, बरं का.

आता अमेरिकेत चला. आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गाव. डॅनियल डेव्हिड पामर हा तिथे चुंबकशक्तीने उपचार करणारा गृहस्थ. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या, कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा पामरचा दावा. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात इथून सांगतात. शब्द ग्रीक आहे, अर्थ साधा, हाताने केलेलं काम. म्हणजे आपला हातगुणच की! पण पामर एवढ्यावर थांबला नाही. शंभरातले पंचाण्णव रोग मणके सरकल्यामुळे होतात आणि मणका नीट केला की शरीरातली उपजत बुद्धी बाकीचं पाहून घेते, असा सिद्धान्त त्याने मांडला. हटनकडे एक कसब होतं, पामरने त्याचं तत्त्वज्ञान केलं. आम्हाला विचाराल तर बिघडलं ते इथेच. परवान्याशिवाय उपचार केले म्हणून १९०६ साली तो तुरुंगातही गेला. पुढे डॉक्टरांची संघटना आणि कायरोप्रॅक्टर यांचं भांडण कोर्टात गेलं. १९७६ ला दाखल झालेल्या खटल्याचा निकाल १९८७ ला लागला, आणि या लोकांवर संगनमताने बहिष्कार टाकल्याबद्दल कोर्टाने संघटनेला दोषी धरलं. म्हणजे सिद्धान्त कच्चा असला तरी माणसाला वाळीत टाकता येत नाही.

हल्ली तुमच्या मोबाईलवर ते व्हिडिओ येतात. मान फिरवली, कडाड आवाज, रोगी हसत उठला. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणावरचा दाब अचानक कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. १९४७ सालापासून यावर प्रयोग झालेले आहेत. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तर साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्या हाताची नाही, आणि शेवटी जाहीर केलं की दोन्ही हात सारखेच आहेत, संधिवात एकातही नाही. २००९ मध्ये त्याला याबद्दल गमतीचं नोबेल मिळालं. आजीने बोटं मोडू नको म्हणून ज्यांना ज्यांना दटावलं, त्यांनी हे घरी सांगायला हरकत नाही.

दुसरी समजूत नवी आहे आणि आमच्या मते जास्त घातक आहे. ती म्हणजे झीज. 'गादी झिजली', 'गॅप पडला', 'ग्रीस संपलं'. मोटारसायकल आली तेव्हा ही भाषा आली. चरकसंहितेत सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन आहे, वातव्याधींच्या अध्यायात. सांधा हवा भरलेल्या चामडी पिशवीसारखा लागतो आणि वाकवताना, पसरताना दुखतो, असं निरीक्षण. तिथे सांधा म्हणजे यंत्राचा भाग नव्हे. १७४३ मध्ये विल्यम हंटरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेबद्दल निबंध वाचला. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकावरची ती गुळगुळीत गादी. एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, असं जुन्या काळापासून मानलं जात आलंय, हे त्याने नोंदवलं. ते आजही बव्हंशी खरं आहे. पण या गादीला रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव आतबाहेर होतो दाब पडला, सुटला, पडला, सुटला की. म्हणजे हालचाल झाली की. टायर न वापरता ठेवला तर टिकतो. गादीचं उलटं आहे.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो. आई सत्तरीत असताना तिला एका शहरातल्या दवाखान्यात नेलं. टोंगळ्याचा फोटो काढला. 'गादी झिजली, आता आराम करा' असं सांगितलं गेलं. आईने ते शब्दशः पाळलं. रोज सकाळी विहिरीपर्यंत जायची ते बंद, देवळात जाणं बंद. आम्ही सुनामुलांनी बाजेवर चहा, बाजेवर जेवण दिलं आणि त्याला सेवा म्हणालो. दोन वर्षांत तिच्या मांडीचं मांस गेलं. मग टोंगळा जास्त दुखायला लागला, कारण त्याला सावरणारा स्नायूच उरला नाही. मग आणखी आराम. शेवटची चार वर्षं तिने उंबरा ओलांडला नाही. त्या काळात आम्ही कॉलेजात कार्यकारणभाव शिकवत होतो, बरं का. फळ्यावर.

पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची पाहणी केली. शंभरातल्या सुमारे अठरांना हाडासांध्याचं दुखणं होतं. म्हणजे ही एकट्या आईची गोष्ट नाही.

झिजलं तर बदला, हे ओघाने आलंच. ऑक्टोबर २००० मध्ये वाजपेयींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावतांनी केलं, जून २००१ मध्ये उजव्याचं. गुडघा बदलता येतो हे त्या वर्षी गावागावाला कळलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीच्या प्रकाराला ५४,७२० रुपये आणि वर कर. ज्यांचा सांधा खरोखर संपला आहे त्यांच्यासाठी हे वरदान आहे, त्याला नावं ठेवणारा माणूस दुखणं न सोसलेला. पण प्रत्येक दुखरा टोंगळा त्या टोकाला गेलेला नसतो. आणि ऑपरेशनमध्येही हातगुण असतो! ह्यूस्टनला मोझली नावाच्या डॉक्टरने १८० रोग्यांवर प्रयोग केला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, काहींना नुसती चीर देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोन्हींकडे आराम सारखाच. हे २००२ मध्ये छापून आलं.

मग हालचालीचं शास्त्र कुठे होतं? जवळच होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणं लावून मोजायला घेतलं. १९५३ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात फिजिओथेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू झालं, पोलिओच्या साथीनंतर. या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. रोगी स्वतः हलतो. हटनने, पामरने, पायाळूने काय केलं? रोग्याला हलवलं. फरक एका अक्षराचा, पण सगळा इतिहास त्यात आहे.

इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये लिहिलंय की गुडघा-खुब्याच्या दुखण्यात व्यायाम मुख्य, हाताचे उपचार हवे तर व्यायामाच्या जोडीला. एकटे नाहीत. म्हणून कायरोप्रॅक्टरकडे जाऊच नका असं आम्ही म्हणत नाही. पण आपल्याकडे या धंद्यासाठी वैद्यकासारखी कायद्याने नेमलेली परिषद नाही, तेव्हा समोरचा काय शिकलाय ते विचारायचा हक्क तुमचा. मानेला हिसका देऊ देऊ नका, क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते. म्हाताऱ्या बाईचं हाड ठिसूळ असतं, तिला तर नाहीच. सांधा लाल होऊन तापला असेल, अंगात ताप असेल, तर ना हाडवैद्य ना व्यायाम, थेट डॉक्टर.

आणि घरी? खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. बसल्या बसल्या पाय सरळ करून मांडी आवळायची. चालायचं. थोडं दुखेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल तर चालू ठेवायचं. जाड माणसाने एक किलो कमी केला तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो, हे मोजलेलं आहे.

एका मावशींनी चिठ्ठी पाठवली आहे. शेगावची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते, टोंगळे असे असताना तिच्यासोबत एक मुक्काम तरी चालू का, असं विचारतात. मावशी, पालखीला अजून वेळ आहे. उद्यापासून मारुतीच्या पारापर्यंत जा आणि या. आठवड्याने वेशीपर्यंत. जमलं की नाही ते पुढच्या खेपेला आम्हाला सांगा, आणि आम्ही येऊ तेव्हा खुर्च्या जरा कमीच ठेवायला सांगतो.