शेवटचे मोहरे न मारण्याची चाल

१८१४ साली मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ लेखन संस्कृतातले. शीर्षकातच एक खुलासा होता: पुस्तकातील डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत. पेशवाईला अजून चार वर्षे बाकी होती. पटावरच्या सत्तांतराची तयारी मात्र आधीच सुरू झाली होती.

जुळवून घेण्याची गरज का पडावी? पट तोच, घरे चौसष्टच. पण देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची अडीच घरे चालता येत. सर्वांत मोठा फरक प्यादे शेवटच्या घरात पोहोचल्यावर कळे. ते ज्या उभ्या पट्टीत पोहोचेल त्या पट्टीचे मोहरे होई: हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा, वजीर फक्त राजा-वजिराच्या पट्ट्यांत. म्हणजे मारामारीत प्यादे शेजारच्या पट्टीत गेले की त्याचे भवितव्यच बदले. (तपशील प्रांतागणिक बदलत, हे अर्थात लक्षात ठेवायचे.)

आणि मग बुर्जी. प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारली गेली आणि राजा एकटा उरला, की डाव बरोबरीत. आजच्या खेळाडूला हे विचित्र वाटेल; लुटून फस्त केलेल्या शत्रूशी बरोबरी कसली! पण या एका नियमाने ‘जोरदार चाल’ या शब्दांचा अर्थच पालटतो. वरचढ खेळाडूला शत्रूचे एक तरी मोहरे जिवंत ठेवूनच मात करावी लागे. हरणारा मात्र तेच मोहरे कसेही करून मारवून घ्यायला धडपडे. त्याचा उरलेला घोडा थेट राजाच्या तोंडाशी येऊन शह देई. मारला तर बुर्जी, न मारला तर राजाची फरफट. म्हणून कोणते मोहरे शेवटी शिल्लक ठेवायचे, ते कोठे कोंडायचे, याचा विचार डावाच्या मध्यावरच करावा लागे. त्यातही सर्वांत मानाची ती प्यादेमात, अर्थात प्याद्याच्या शहाने झालेली मात.

अशा खेळात वाढलेल्यांना युरोपीय नियमांनी काय दिले आणि काय हिरावले, याचे उत्तम उदाहरण पंजाबचा सुलतान खान. १९२६च्या सुमारास तो नवे नियम शिकला, १९२९ मध्ये ब्रिटिश विजेता झाला आणि १९३०–३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. प्रारंभाच्या चालींत तो कच्चा होता. त्याचे बळ संथ, कोंडी करणाऱ्या खेळात होते.

तुलनेसाठी १९५३ची झुरिक स्पर्धा पाहावी. रेशेव्हस्कीची मधली प्यादी पुढे घुसण्याच्या बेतात होती. पेट्रोसियनने पंचविसाव्या चालीला आपला हत्ती उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला. शह नाही, काही मारलेही नाही. हत्ती हलल्याने मोकळ्या झालेल्या घरातून त्याचा घोडा पटाच्या मध्यभागी पोहोचला आणि प्याद्यांची वाट अडली. डाव बरोबरीत सुटला. ग्रँडमास्टरांच्या डावांतील व्यूहात्मक चालींचा विषय निघाला की आजही या चालीचे नाव पुढे येते. बुर्जीच्या धाकात वाढलेल्या देशी खेळाडूला तिचे मर्म समजायला फारसा वेळ लागला नसता: मोहऱ्याची किंमत ते कोठे उभे आहे यावर ठरते.

पण तोवर देशी पद्धत मागे पडत चालली होती. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. नियम आंतरराष्ट्रीय होते. जुन्या पिढीच्या हाताशी असलेली अर्धी विद्या, पट्टी पाहून प्यादे ढकलण्याची आणि शेवटचे मोहरे राखून ठेवण्याची, आता स्पर्धेत निरुपयोगी होती. १९९७ मध्ये प्रवीण ठिपसे महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले, २०१६ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील शार्दूल गागरे. त्यांच्या पटावर एकटा उरलेला राजा म्हणजे हरलेला डाव.