अंटार्क्टिक क्रिलचे निर्मोचन

अंटार्क्टिक क्रिल (शास्त्रीय नाव: युफॉझिया सुपर्बा) हा दक्षिणी महासागरात प्रचंड थव्यांनी राहणारा, कोळंबीसारखा दिसणारा कवचधर प्राणी आहे. त्याची लांबी सुमारे ६ सेंटीमीटरपर्यंत असते. कायटिनयुक्त बाह्य आवरण टाकून नवे धारण करण्याच्या त्याच्या क्रियेस निर्मोचन म्हणतात. रूढ भाषेत हे कात टाकणेच होय.

जुन्या आवरणाखाली नवे, मऊ आवरण तयार झाले की जुने आवरण पाठीवर, शिरोवक्ष आणि उदर यांच्या सांध्याशी फाटते आणि क्रिल त्यातून बाहेर पडतो. पायांवरील व डोळ्यांवरील आवरणही त्याबरोबर गळते. दोन निर्मोचनांमधील काळ साधारणपणे दोन ते चार आठवड्यांचा असून पाणी जितके थंड तितका तो लांबतो. प्रौढ झाल्यावरही निर्मोचन थांबत नाही.

कात टाकली म्हणजे प्राणी वाढला, ही समजूत क्रिलच्या बाबतीत अपुरी ठरते. अंटार्क्टिक हिवाळ्यात सूर्यप्रकाशाअभावी सूक्ष्म शैवाल दुर्मीळ होते. अन्न न मिळाल्यास क्रिल शरीरातील द्रव्ये खर्ची घालतो, तरी कात टाकतच राहतो. मात्र प्रत्येक नवे आवरण आधीच्यापेक्षा लहान असते. १९८२ मध्ये इकेदा व डिक्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उपाशी ठेवलेले क्रिल २११ दिवसांपर्यंत जगले आणि आकाराने घटले. या काळात प्रौढांची बाह्य लैंगिक लक्षणेही मागे पडू शकतात, त्यामुळे जुना क्रिल अल्पवयीन भासतो.

परिणामी केवळ लांबीवरून क्रिलचे वय सांगणे धोक्याचे आहे. क्रिलची व्यापारी मासेमारी होत असल्याने हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही: थव्यातील लहान प्राणी नव्या पिढीचे की आक्रसलेले जुने, हे न कळल्यास साठ्याचा अंदाज चुकतो. वयनिश्चितीसाठी आता नेत्रदेठातील वाढीच्या रेषांचाही अभ्यास केला जातो.

थवा अचानक बिथरल्यास काही क्रिल क्षणार्धात कात टाकून निसटतात, असे निरीक्षण आहे. मागे राहिलेले रिकामे आवरण भक्ष्यकास चकवत असावे.

टाकलेली आवरणे कार्बन घेऊन खोल पाण्यात बुडतात. उत्तर स्कोशिया समुद्रातील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खोल पाण्याकडे जाणाऱ्या कार्बनमध्ये त्यांचा वाटा क्रिलच्या विष्ठेच्या तोडीचा आहे.