ल्युसिफरेज चाचणी
जनुकाची सक्रियता प्रकाश मोजून ठरवण्याची जैवरासायनिक पद्धत. काजव्यातील ल्युसिफरेजचे जनुक १९८५ मध्ये वेगळे करण्यात आले. पुढच्याच वर्षी ते घातलेले तंबाखूचे रोप प्रकाशमान झाले. चाचणीत हे जनुक अभ्यासविषय असलेल्या प्रवर्तकाला, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, जोडून पेशींत सोडतात. प्रवर्तक कार्यरत झाला की ल्युसिफरेज हे विकर तयार होते. नंतर पेशी फोडून त्या द्रावात ल्युसिफेरिन (विकर ज्यावर क्रिया करते तो पदार्थ), एटीपी व मॅग्नेशियम मिसळतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने सुमारे ५६० नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळसर हिरवा प्रकाश निघतो आणि ल्युमिनोमीटर तो मोजतो. सस्तन प्राण्यांच्या पेशी स्वतः जवळपास प्रकाश देत नाहीत, त्यामुळे विकराचा अंशही पकडता येतो. पद्धतीचे खरे बळ हेच. मात्र सगळ्या पेशींत जनुक सारखे शिरत नाही. म्हणून रेनिला या सागरी जीवाच्या ल्युसिफरेजचे जनुक सोबत घालून दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर काढतात. त्याशिवाय नुसत्या आकड्यांवर विसंबू नये.