ब्राँटी, पॅट्रिक

(१७ मार्च १७७७ – ७ जून १८६१). इंग्लंडमधील अँग्लिकन पाळक, यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या मंडळीची ४१ वर्षे सेवा करणारे धर्मोपदेशक आणि शार्लट, एमिली व ॲन या कादंबरीकार बहिणींचे वडील. मराठी वाचकाला 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स' ठाऊक असतात. त्या घराच्या कर्त्या पुरुषाविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही आणि जे मिळते ते बहुधा एका गाजलेल्या चरित्रातून पसरलेल्या ऐकीव गोष्टींवर उभे असते. हॉवर्थचे दप्तर, सरकारदरबारी धाडलेले अर्ज आणि वर्तमानपत्रांतली पत्रे यांतून दिसणारा माणूस त्याहून निराळा आहे आणि पुष्कळ मोठा आहे.

आयर्लंडच्या उत्तर भागात, डाउन परगण्यातल्या एमडेल येथे दोन खोल्यांच्या गवती छपराच्या घरात त्यांचा जन्म झाला. दिवस संत पॅट्रिकच्या सणाचा, म्हणून नाव पॅट्रिक. वडील ह्यू ब्रंटी शेतमजुरी करत. दहा भावंडांत हे थोरले. लोहाराकडे उमेदवारी, मग विणकराच्या मागावर काम आणि ऐन पोरवयात गावशाळेत मास्तरकी, असे त्यांचे दिवस गेले. थॉमस टाय या पाळकांनी त्यांना आपल्या मुलांचे शिक्षक नेमले आणि पुढच्या शिक्षणाची वाट दाखवली. १८०२ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात 'सायझर' म्हणून दाखल झाले. आपल्याकडे वार लावून शिकणाऱ्या मुलांची जी स्थिती असे, तीच थोड्याफार फरकाने या सवलतीच्या विद्यार्थ्यांची. ब्रंटीचे ब्राँटी इथेच झाले. कॉलेजातले तरुण फेलो हेन्री मार्टिन यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स व त्यांचे स्नेही हेन्री थॉर्नटन यांच्याकडून मदत मिळवून दिली. हेच मार्टिन पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे चॅप्लेन होऊन भारतात आले, त्यांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले आणि १८११ मध्ये इराणकडे जाताना ते गोवा व मुंबई पाहून गेले.

पदवी घेतल्यावर १८०६ मध्ये पॅट्रिक यांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. एसेक्स आणि श्रॉपशर परगण्यांत सहायक पाळक म्हणून काम केल्यावर १८०९ मध्ये ते यॉर्कशरमधील ड्यूझबरीला आले. तिथे विल्यम नोवेल या तरुणाला सैन्यातून पळाल्याच्या खोट्या आरोपावरून तुरुंगात टाकले होते. त्याच्या सुटकेसाठी ते थेट युद्धखात्यापर्यंत गेले आणि तो सुटला. १८११ पासून ते हार्टशेडचे पाळक होते. यंत्रांमुळे पोटावर पाय आलेल्या कामगारांनी एप्रिल १८१२ मध्ये जवळच्या रॉफोल्ड्स गिरणीवर हल्ला केला. शार्लटच्या 'शर्ली' कादंबरीत हाच काळ आहे. या धामधुमीत पॅट्रिक भरलेले पिस्तूल जवळ ठेवू लागले. रात्री भरलेले पिस्तूल सकाळी खिडकीतून उडवून रिकामे करण्याची त्यांची सवय म्हातारपणापर्यंत टिकली आणि पुढे तिच्या भलत्याच कहाण्या झाल्या.

२९ डिसेंबर १८१२ रोजी कॉर्नवॉलमधील पेन्झन्सच्या मराया ब्रॅनवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मराया, एलिझाबेथ, शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन ही सहा अपत्ये १८१४ ते १८२० या सहा वर्षांत झाली. पैकी धाकटी चार थॉर्नटन गावी जन्मली. संसार, मंडळीचे काम आणि लेखन असे तिन्ही एकदम चालले होते. 'कॉटेज पोएम्स' (१८११), 'द रूरल मिन्स्ट्रेल' (१८१३) ही त्यांची कवितेची पुस्तके. त्यांत भक्ती प्रामाणिक आहे, कविता बेताची. पण वडिलांचे नाव छापलेली पुस्तके घरातल्या फळीवर होती, ही गोष्ट लहान नाही. लिहिणे आणि ते छापून येणे हे त्या मुलींना जन्मापासून घरचेच काम वाटले.

एप्रिल १८२० मध्ये हे कुटुंब हॉवर्थला आले. मोकळ्या माळरानाच्या कडेला चढावर वसलेले, लोकर विणणाऱ्यांचे हे गाव. पाळक नेमण्याचा हक्क ब्रॅडफर्डच्या मुख्य पाळकाचा की गावच्या विश्वस्तांचा, यावर तिथे मोठे भांडण झाले होते आणि आधी नेमलेल्या एका पाळकाला लोकांनी हुसकून लावले होते. दोन्ही पक्षांना चालेल असा माणूस म्हणून पॅट्रिक आले. वर्ष-दीड वर्षात, १५ सप्टेंबर १८२१ रोजी, दीर्घ आजारानंतर पत्नी गेली. थोरली सात वर्षांची, धाकटी अजून दोन वर्षांचीही नव्हती. मरायाची बहीण एलिझाबेथ ब्रॅनवेल मुलांसाठी येऊन राहिली ती कायमची. पॅट्रिक यांनी पुनर्विवाहाचा प्रयत्न केला. सहा मुलांच्या, तुटपुंज्या मिळकतीच्या विधुराला नकारच मिळाले.

गावात मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट मंडळ्यांचे बळ मोठे होते. चर्चसाठी सर्वांकडून घेतल्या जाणाऱ्या करावरून त्यांच्याशी पॅट्रिक यांचे खटके उडत, तरी सार्वजनिक कामात दोघे एकत्र येत. १८३२ मध्ये त्यांनी घराशेजारीच संडे स्कूलची इमारत उभी केली. तिथे पुढे त्यांच्या मुलींनीही शिकवले. नव्या गरीब-कायद्याने गरजूंची घरबसल्या मिळणारी मदत तोडून त्यांना कामघरांत कोंडायचे ठरवले, तेव्हा १८३७ मध्ये गावात सभा भरवून हा पाळक त्याविरुद्ध बोलला. राजकारणात ते जुन्या वळणाचे, राजा आणि चर्च मानणारे, पण क्षुल्लक गुन्ह्यांना फाशी देणारे कायदे त्यांना अमानुष वाटत आणि तसे ते लिहीत. टॉमस ग्रॅहम यांचे घरगुती वैद्यकाचे पुस्तक त्यांच्याजवळ होते. त्याच्या समासांत त्यांनी आयुष्यभर नोंदी केल्या. डॉक्टर परवडत नाही अशा घरांत जाणाऱ्या माणसाने ते पुस्तक झिजवले होते.

त्यांच्या पाळकपणाचे सर्वांत मोठे काम मात्र पाण्याचे. हॉवर्थमध्ये सांडपाण्याची सोय नव्हती, संडास थोडे, विहिरी दूषित. गच्च भरलेले कब्रस्तान चढावर होते आणि त्यातून झिरपणारे पाणी गावाकडे उतरे. वारंवार लहान मुलांचे दफन करणाऱ्या पाळकाला या मरणांत देवाच्या इच्छेबरोबर माणसांची हयगयही दिसली. १८४९ मध्ये त्यांनी गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज लंडनच्या आरोग्य मंडळाकडे पाठवला. पाठपुरावा केल्यावर १८५० मध्ये निरीक्षक बेंजामिन हर्शेल बॅबेज आले. हॉवर्थमधले सरासरी आयुर्मान २५.८ वर्षे आणि ४१.६ टक्के माणसे वयाच्या सहा वर्षांआधीच दगावतात, असे त्यांच्या अहवालात आहे. कर वाढेल म्हणून जमीनमालकांनी अडथळे आणले. वृद्ध पाळक पत्रांमागून पत्रे लिहीत राहिले आणि अखेर त्या दशकात गावाला नळाचे पाणी मिळाले. ही पत्रे लिहिली जात होती तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरातली तीन तरुण माणसे नुकतीच मातीआड झाली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या चिकाटीची किंमत कळत नाही.

बाप म्हणून त्यांचे मोजमाप करताना एक गोष्ट आधी सांगावी लागते. मुलींनी काय वाचावे याला त्या घरात बंदी नव्हती. बायबलबरोबर बायरन, इसापबरोबर 'ब्लॅकवुड्स' मासिक आणि निरनिराळ्या पक्षांची वर्तमानपत्रे सगळी मुले वाचत आणि वडिलांबरोबर राजकारणावर बोलत. लहानपणी मुले मोकळेपणाने बोलावीत म्हणून घरातला एक मुखवटा त्यांनी एकेकाला घालायला दिला आणि त्याआडून प्रश्नांची उत्तरे द्यायला लावली. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. जून १८२६ मध्ये लीड्सहून त्यांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांचा डबा आणला. त्या शिपायांना नावे देता देता भावंडांनी काल्पनिक राज्ये रचली आणि बोटभर आकाराच्या वह्यांतून त्यांच्या बखरी लिहिल्या. इंग्रजी कादंबरीचा एक मोठा झरा या डब्यातून निघाला. घरात पडदे लावू न देण्याचा त्यांचा हट्ट अनेकांना विक्षिप्त वाटे, पण कपडे पेटून भाजलेल्या कितीतरी मुलांवर त्यांनी अंत्यविधी केले होते.

चुका झाल्या, त्याही मोठ्या. १८२४ मध्ये त्यांनी थोरल्या चार मुलींना कोवन ब्रिज येथील पाळकांच्या मुलींच्या शाळेत ठेवले. फी कमी होती, शिक्षण चांगले मिळेल अशी आशा होती. तिथल्या थंडीने, निकृष्ट अन्नाने आणि आजाराने मराया व एलिझाबेथ खंगल्या आणि १८२५ च्या मे-जूनमध्ये घरी येऊन वारल्या. 'जेन एअर'मधली लोवुड शाळा ती हीच. एकुलत्या मुलाला त्यांनी स्वतः ग्रीक-लॅटिन शिकवले, त्याच्यावर सर्वांत जास्त आशा ठेवली आणि दारू व अफूने तो खचला तेव्हाही त्याला टाकले नाही. शेवटच्या काळात रात्री ते त्याला आपल्याच खोलीत झोपवत.

१८४६ पर्यंत मोतीबिंदूने त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. त्या ऑगस्टमध्ये शार्लट त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली. विल्यम जेम्स विल्सन या शल्यविशारदांनी भूल न देता त्यांच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. भुलेचा ईथर जगापुढे यायला अजून दोन महिने होते. एकोणसत्तर वर्षांच्या या गृहस्थांनी पाव तास हूं की चूं न करता ते सोसले आणि नंतर अंधाऱ्या खोलीत काही आठवडे पडून राहिले. त्याच मुक्कामात, भाड्याच्या घरात, शार्लटने 'जेन एअर' लिहायला घेतली. दृष्टी परत आली आणि पॅट्रिक पुन्हा पुलपिटावर उभे राहिले. पुस्तक ऑक्टोबर १८४७ मध्ये छापून आले. लेखकाचे नाव करर बेल. मुलगी कादंबरीकार झाल्याचे वडिलांना त्यानंतर, तिनेच पुस्तक हाती ठेवले तेव्हा कळले.

पुढचे वर्ष या घराचा घास घेणारे ठरले. २४ सप्टेंबर १८४८ ला ब्रॅनवेल, १९ डिसेंबरला एमिली आणि २८ मे १८४९ ला स्कारबरो येथे ॲन गेली. आता घरात दोघेच उरले; शार्लट पॅट्रिक यांची मुलगी होती आणि जवळची एकमेव सोबतीणही. १८५० मध्ये पॅट्रिक यांनी मरायाची लग्नाआधीची पत्रे, जी जवळजवळ चाळीस वर्षे जपून ठेवली होती, तिला वाचायला दिली. १८५२ च्या डिसेंबरात सहायक पाळक आर्थर बेल निकल्स यांनी शार्लटला मागणी घातली तेव्हा मात्र त्यांच्या रागाला पारावार राहिला नाही. तिची प्रकृती, तिची कीर्ती, निकल्स यांची गरिबी अशी कारणे त्यांच्यापाशी होती. एकटे पडण्याची भीती त्या सर्वांच्या तळाशी असावी. निकल्स यांना गाव सोडावे लागले. शार्लटने धीराने वडिलांचे मन वळवले, जावई घरातच राहील असे ठरले आणि २९ जून १८५४ रोजी लग्न लागले. आदल्या रात्री पॅट्रिक यांनी चर्चमध्ये येणार नाही म्हणून सांगितले आणि कन्यादानाला शार्लटच्या जुन्या शिक्षिका उभ्या राहिल्या. वडिलांच्या आयुष्यातली ही सर्वांत उणी घटना म्हटली पाहिजे. नऊ महिन्यांनी, ३१ मार्च १८५५ रोजी, गरोदर अवस्थेत शार्लटही गेली. ज्या जावयाला त्यांनी दारातून परतवले होते, त्याच निकल्स यांनी दिलेला शब्द पाळून पुढची सहा वर्षे सासऱ्यांची सेवा केली आणि मंडळीचा भार वाहिला.

शार्लटविषयी खोटेनाटे छापून येऊ लागले म्हणून पॅट्रिक यांनीच कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांना तिचे चरित्र लिहिण्याची विनंती केली. १८५७ मध्ये ते आले. त्यात कन्येला न्याय मिळाला, पित्यावर मात्र अन्याय झाला. मुलांना मांस खाऊ न देणारा, बायकोचा रेशमी झगा फाडणारा, रागाच्या भरात खुर्च्यांच्या पाठी कापणारा तऱ्हेवाईक बाप वाचकांच्या मनात बसला. यातल्या बऱ्याच गोष्टी कामावरून काढलेल्या एका नोकराणीच्या तोंडच्या होत्या. पॅट्रिक यांनी चुका शांतपणे कळवल्या, नंतरच्या आवृत्तीत बरेचसे गाळलेही गेले, आणि लेखिकेबद्दल त्यांनी एकही कडवट शब्द काढला नाही. मुलीचे चरित्र चांगले उतरले, हे त्यांना पुरेसे होते. पण पहिला ठसा शंभर वर्षे पुसला गेला नाही. ज्यूलिएट बार्कर यांच्या १९९४ मधील 'द ब्राँटीज' या संशोधनग्रंथाने अस्सल कागदपत्रांच्या आधारे त्यांची खरी मूर्ती पुढे आणली.

१८५९ च्या शरदात त्यांनी शेवटचा उपदेश केला. ७ जून १८६१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, पत्नी आणि सहाही अपत्यांनंतर त्यांचे निधन झाले. दफनाच्या दिवशी गावातली दुकाने बंद होती. विश्वस्तांनी निकल्स यांना पाळकपद दिले नाही आणि ते आयर्लंडला परतले. जुने चर्च मनोऱ्याखेरीज १८७९ मध्ये पाडून नवे बांधण्यात आले. हॉवर्थमध्येच वाढलेले गिरणीमालक सर जेम्स रॉबर्ट्स यांनी पाळकनिवास विकत घेऊन ब्राँटी सोसायटीला दिला आणि १९२८ पासून तिथे संग्रहालय आहे.