वार पडल्यानंतरची दहा मिनिटे

गर्भाशयात बसवायच्या साधनाला आपल्याकडे ‘तांबी’ म्हणतात. पण १९६५ साली कुटुंबनियोजन कार्यक्रमात आलेल्या ‘लूप’मध्ये तांबे नव्हते; तो पॉलिथिलीनचा होता. शिबिरे भरवून लाखो स्त्रियांना तो बसवला गेला. पुढे रक्तस्राव झाला तर दाखवायचे कुणाला, याची सोय मात्र शिबिराबरोबरच उठून जाई. काही वर्षांतच लूप बदनाम झाला. माझ्या मते त्यात दोष साधनापेक्षा घाईचा अधिक होता.

तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. चिलीचे हाइमे झिपर यांनी १९६९ मध्ये सशांवरील प्रयोगांतून तांब्याचा गर्भरोधक परिणाम दाखवला आणि टाटम यांच्या ‘टी’ आकारावर तांब्याची तार चढली.

ही तांबी बाळंतपणानंतर लगेच का बसवायची? पाळी परत येण्याआधी बीज सुटते, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात. हे शिकलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. शिवाय दवाखान्यातून घरी गेलेली बाळंतीण त्यासाठी परत येईलच असे नाही.

अडचण अशी, की बाळंतपणानंतर गर्भाशय बेंबीपर्यंत पोचलेले असते आणि आकसताना आतली वस्तू बाहेर ढकलते. साधन अडकून राहावे म्हणून त्याला कॅटगटच्या दोऱ्याची टोके जोडून पाहिली गेली. फारसा उपयोग झाला नाही. उपाय हातात होता! नेहमीची नळी इथे अपुरी पडते. लांब चिमट्यात तांबी धरायची, दुसऱ्या हाताने पोटावरून गर्भाशय वर सारायचे आणि तांबी थेट त्याच्या माथ्याशी ठेवायची. वार पडल्यावर दहा मिनिटांत, नाहीतर ४८ तासांच्या आत. ते हुकले तर सहा आठवडे थांबायचे. एवढे करूनही ती निसटण्याचे प्रमाण एरवीपेक्षा जास्तच असते, म्हणून फेरतपासणी हवी.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. २०१० च्या सुमारास सरकारी कार्यक्रमात ही पद्धत आली. २०१४ मध्ये बसवणाऱ्याला आणि आशा कार्यकर्तीला प्रत्येकी १५० रुपये ठरले. इथे लूपची शिबिरे आठवतात. कळांनी तळमळणारी बाई कोणत्याही कागदावर अंगठा उठवील. म्हणून नियम असा, की गरोदरपणातील तपासणीतच तिला सगळे सांगून विचारावे. तेव्हा राहून गेले, तर बाळंत झाल्यावर, ४८ तासांच्या आत. ऐन कळांत नाही.