काळेपणा मोजायचा कसा?

२४ ऑक्टोबर १९९५ ची सकाळ आपल्यापैकी अनेक शिक्षकांना आठवत असेल. ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आले होते. खग्रास ग्रहणाचा पट्टा राजस्थान, उत्तर प्रदेशावरून बंगालकडे गेला आणि महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहण दिसले. ग्रहण म्हटले की घरोघरी एक वस्तू शोधली जाते, ती म्हणजे जुना एक्स-रे. कोणाच्या मोडलेल्या हाताचा, कोणाच्या छातीचा. ‘फिल्म काळी आहे ना, मग चालेल’ एवढाच हिशेब. पण काळी म्हणजे किती काळी? हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. दवाखान्यातल्या एक्स-रेचा भरवसा याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा होता आणि ते उत्तर एक्स-रेचा शोध लागण्यापूर्वीच तयार झाले होते.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळच्या विड्नेस या गावात. सोडा तयार करणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात दोघे मित्र नोकरीला होते. फर्डिनांड हर्टर (१८४४–१८९८) हा मूळचा स्विस. त्याने हायडेलबर्गला बुन्सेनच्या हाताखाली रसायनशास्त्राचे धडे घेतले होते. (हो, आपल्या प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्याचे नाव आहे तोच बुन्सेन.) दुसरा व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड (१८४८–१९१५) हा अभियंता. त्याला फोटोग्राफीचा छंद होता. त्याने १८७६ मध्ये हर्टरलाही या छंदात ओढले.

हर्टरला फोटोग्राफी आवडली, पण तिची रीत पटेना. फोटोच्या काचेवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा, ती डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवायची, हे सारे अंदाजाने चाले. काच बिघडली की दोष कधी हवामानाला, कधी काच बनवणाऱ्याला. कारखान्यात प्रत्येक टाकीतल्या द्रावाचे मापन करणाऱ्या माणसाला हे कसे रुचावे? दोघांनी ठरवले की आधी मोजायचे.

मोजायचे काय? निगेटिव्ह काळी दिसते ती तिच्यातल्या चांदीच्या बारीक कणांमुळे. म्हणजे खरे मोजायचे आहे ते कण किती साचले ते. त्यांनी निगेटिव्हमधून किती प्रकाश पार होतो हे मोजले. त्यासाठी बुन्सेनची एक साधी युक्ती सुधारून वापरली. कागदावर तेलाचा डाग पाडला आणि दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश टाकला, तर डाग जवळजवळ दिसेनासा होतो. प्रकाश कमीजास्त असेल तर डाग उठून दिसतो. आपला डोळा प्रकाश ‘किती’ हे सांगण्यात कच्चा, पण दोन प्रकाश ‘सारखे’ आहेत का हे ओळखण्यात पक्का. हर्टर-ड्रिफील्डनी डोळ्याकडून त्याला जमणारे तेवढेच काम करून घेतले.

आता खरी गंमत पुढे आहे. समजा, एका थरातून प्रकाशाचा दहावा हिस्सा पार होतो. तसाच दुसरा थर त्यावर ठेवला, तर पार होणारा प्रकाश विसावा हिस्सा नसतो, शंभरावा असतो. तिसरा ठेवला की हजारावा. चांदी दुप्पट, तिप्पट होते आहे, पण प्रकाश मात्र गुणाकाराने घटतो आहे. म्हणून त्यांनी पडलेल्या आणि पार झालेल्या प्रकाशाचे गुणोत्तर घेऊन त्याचा लॉगरिदम काढला. या संख्येला त्यांनी ‘घनता’ म्हटले. दहावा हिस्सा पार झाला तर घनता १, शंभरावा तर २, हजारावा तर ३. निम्मा प्रकाश पार झाला तर सुमारे ०.३. चांदी दुप्पट असेल तर घनताही दुप्पट. रासायनिक पृथक्करणाने फोटोतली चांदी मोजून त्यांनी हे पडताळून पाहिले. लॉगरिदम कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला तरी ठाऊक नाही.

मग मेणबत्तीच्या उजेडात एकाच काचेच्या पट्ट्यांना वाढत्या प्रमाणात प्रकाश देऊन त्यांनी आलेख काढला. आडव्या अक्षावर प्रकाशाच्या मात्रेचा लॉगरिदम, उभ्या अक्षावर घनता. आलेख निघाला तो ताणलेल्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा. सुरुवातीला जवळजवळ सपाट, मधे सरळ चढ, वर पुन्हा सपाट. ३१ मे १८९० रोजी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यावर बरीच खळबळ माजली. निबंधाचा अर्थ असा होता की, डेव्हलपिंगचा वेळ वाढवला तर सगळ्याच घनता एका प्रमाणात वाढतात, त्यांचे आपसातले प्रमाण डार्करूममधल्या हातचलाखीने बदलत नाही. फोटोग्राफीला कलेचा मान मिळावा म्हणून भांडणारे पीटर हेन्री इमर्सन यांना हा मोठा धक्का होता. कलावंताच्या हाती काहीच राहत नसेल तर ही कला कसली, असे म्हणून त्यांनी पाठोपाठ आपले आधीचे मत जाहीरपणे मागे घेतले. एका आलेखाने कलेच्या वादात असा निकाल लावल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी रंटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि लवकरच फोटोच्या काचेवर हाडे दिसू लागली. क्ष-किरणांनी होणारा काळेपणाही चांदीचाच. त्यामुळे तोच आलेख इथेही उपयोगी पडला, आणि इथे प्रश्न कलेचा नव्हता. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाचा लहानसा डाग म्हणजे शेजारच्या भागापेक्षा घनतेतला थोडासा फरक. आलेखाच्या सरळ चढावर तो फरक ठळक दिसतो. खालच्या किंवा वरच्या सपाट भागात तोच फरक पुसला जातो. डाग छातीत असतो, पण फिल्मवर नसतो.

याहून वाईट गोष्ट अशी की, चूक झाकता येते. डेव्हलपर जुना झाला किंवा थंड पडला की फिल्म फिकी येते. मग क्ष-किरण थोडे जास्त सोडले की फिल्म पुन्हा ‘छान’ दिसते. डॉक्टरांची तक्रार मिटते. त्याची किंमत मात्र रोग्याचे शरीर मोजते, आणि त्याला ते कळतही नाही.

म्हणून चांगल्या क्ष-किरण विभागात दिवसाची सुरुवात रोग्याने नव्हे, एका कोऱ्या फिल्मने होत असे. एका छोट्या उपकरणाने तिच्यावर प्रकाशाच्या २१ पायऱ्या छापायच्या. प्रत्येक पायरीवर आधीच्या सुमारे १.४ पट प्रकाश, म्हणजे दर दोन पायऱ्यांना दुप्पट. इथे मुद्दाम क्ष-किरण वापरत नसत, कारण क्ष-किरण यंत्रच बिघडलेले असेल तर दोष कोणाचा हे कळणार नाही. फिल्म धुऊन तिची घनता मोजायची आणि तीन आकडे तक्त्यावर मांडायचे : कोऱ्या भागाची घनता, मधल्या एका ठरावीक पायरीची घनता, आणि दोन ठरावीक पायऱ्यांतला फरक. अमेरिकेत स्तनांच्या एक्स-रेसाठी १९९२ मध्ये कायदा झाला. त्याखालील नियमांत शेवटच्या दोन आकड्यांना ०.१५ इतकीच घट-वाढ माफ होती आणि कोऱ्या भागाची घनता ०.०३ हून अधिक वाढलेली चालत नसे. आकडा हद्दीबाहेर गेला तर आधी दोष दुरुस्त करायचा, मग रोग्याला बोलवायचे.

आता बहुतेक रुग्णालयांत प्रतिमा संगणकावर उमटते आणि डार्करूम अडगळीची खोली झाली आहे. तरीही पोलादी सांध्यांच्या तपासणीत फिल्म अजून वापरात आहे. तिथे साधारण २ ते ४ घनतेची फिल्म लागते.

जुनी एक्स-रे फिल्म मात्र घरोघरी असते. ती वर्गात आणावी. मोबाइलच्या प्रकाशमापकावर आधी मोकळ्या दिव्याचा आकडा घ्यावा, मग फिल्मचा काळा आणि फिका भाग धरून घ्यावा. भागाकार करून लॉगरिदम काढावा. मुलांच्या लक्षात येईल की एकाच फिल्मवर घनता जागोजाग बदलते.

आणि मग ग्रहणाचा प्रश्न पुन्हा विचारावा. सूर्याकडे पाहण्याच्या गाळणीची घनता निदान ४.५ हवी, म्हणजे सुमारे ३२ हजारांत एक हिस्सा प्रकाश पार व्हावा. छातीच्या एक्स-रेचा चांगला काळा भाग ३ घनतेचा धरला, तरी त्यातून हजारांत एक हिस्सा येतो, म्हणजे हव्या त्याच्या तीसपट अधिक. डोळ्याला दोन्ही सारखेच काळे. डोळा वाचतो तो आकड्याने.