संगणकीय मॉडेल-अध्यापन : शिक्षक-प्रशिक्षण (नंदुरबार जिल्हा)

गणित-विज्ञानातल्या एखाद्या घटनेचे नियम ठरवायचे, ती संगणकावर पुन्हापुन्हा घडवून पाहायची आणि आलेले उत्तर प्रत्यक्षाशी ताडायचे, ही अध्यापनरीत. तयार मॉडेलची बटणे दाबता येणे म्हणजे शिक्षकाचे प्रशिक्षण नव्हे. मॉडेल स्वतः रचून त्यातली गृहीतके तपासता आली पाहिजेत. 1998 साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हे सिकलसेलच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. 2011च्या जनगणनेनुसार इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि भिल्ल, पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. यावरून ‘चार मुलांत एकच आजारी’ असा समज होतो. फळ्यावरची चार चौकटींची आकृती तो पक्काच करते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची सुरक्षित, असे मानणे घराला फार महागात पडते.

म्हणून आरंभ चिंचोक्यांनी करावा. दोन वाट्या म्हणजे वाहक आई-वडील, प्रत्येकीत एक रंगवलेला (आजाराचे जनुक) आणि एक साधा चिंचोका. न पाहता दोन्हींतून एकेक उचलायचा, नोंद करून परत टाकायचा. दोन्ही रंगवलेले आले तर अपत्य रुग्ण. हाच नियम स्प्रेडशीटमध्ये घालून चार अपत्यांची हजारो कुटुंबे घडवली, की सुमारे 32 टक्के कुटुंबांत एकही रुग्ण दिसत नाही, 26 टक्क्यांत दोन किंवा अधिक दिसतात. दहावीच्या बीजगणितातली संभाव्यता इथे जीवशास्त्राच्या कामी येते.

अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात वीज आणि संगणकांचीच वानवा, हा आक्षेप खरा आहे. पण या पाठाला इंटरनेट लागत नाही, वर्गात एक संगणक पुरतो, आणि तोही बंद पडला तर चिंचोके उरतातच. हे आकडे गुणाकारानेही निघतात, मग संगणक कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार. चार अपत्यांपुरता तो मान्य करावा. मात्र लग्ने बहुतेक समाजांतर्गत होतात हे गृहीतक घालून अनेक पिढ्या पाहायच्या, तर हातचा हिशेब अपुरा पडतो. प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट अनिवार्य असावी : वर्गात कोण वाहक आहे, हे कधीही विचारायचे नाही. उदाहरणातली कुटुंबे कल्पितच असावीत, आणि चर्चा पावरी किंवा मावचीतून होऊ द्यावी.